ईआरपी चालू झालं, पण स्टोअरचं रजिस्टर काही बंद होत नाही

भोसरीकर_प्लँट

नमस्कार मंडळी. ऑटो कंपोनंटचा मध्यम आकाराचा कारखाना आहे. टर्निंग, मिलिंग आणि थोडं प्रेसशॉप. कायम कामगार १३० च्या आसपास, कंत्राटी ६०, दोन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. इतकी वर्षं हिशेब टॅलीत, प्लॅनिंग एक्सेलमध्ये आणि स्टोअर रजिस्टर व बिन कार्डवर (खणाला लावलेलं आवक-जावकेचं कार्ड) चालत होतं. गेल्या महिन्याच्या एक तारखेला ईआरपी (सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) सुरू केलं. खरेदी, स्टोअर, उत्पादन, जॉबवर्क (बाहेर करून घेतलेलं काम), डिस्पॅच असं सगळं एकाच दिवशी.

आजची परिस्थिती:

स्टोअरकीपर (वय ५२, स्टोअरमधला खिळा न खिळा पाठ) दिवसभर रजिस्टरमध्ये लिहितात आणि संध्याकाळी सगळ्या एन्ट्री एकदम मारतात. सुपरवायझर शिफ्ट सुटताना एका अप्रेंटिस मुलाला बसवून उत्पादन भरून घेतात. काही आयटमचा स्टॉक मायनसमध्ये आहे. काहींचा स्क्रीनवर भरपूर आहे, पण रॅकवर नाही. स्टॉक दिसत नाही म्हणून बिल निघत नाही, मग मालक फोनवर सांगतात, "गाडी सोडा, बिल मागाहून करू." मशीनजवळ टॅब लावलेत, तर कामगार म्हणतात की हे आमच्यावर नजर ठेवायला आहे.

सल्लागारांचं म्हणणं, लोक बदलाला तयार नाहीत, पुन्हा ट्रेनिंग घ्या. दोनदा घेऊन झालं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे थांबवून नीट तयारीनिशी पुन्हा सुरू करावं का? रजिस्टर काढून घ्यावं का? आणि टॅबचं काय करायचं?

---

बारस्टॉक

ट्रेनिंग तूर्त बाजूला ठेवा. आधी बघा की माणसं चुकतायत की सिस्टीममधला आकडाच चुकीचा आहे. दोन्हींवरचं औषध वेगळं. सल्लागार मंडळी दुसऱ्याचं खापर पहिल्यावर फोडतात, कारण बीओएम (एका नगाला कुठला माल किती लागतो, ती यादी) त्यांनीच तुमच्या एक्सेलवरून जशीच्या तशी चढवलेली असते.

वीस आयटम निवडा. त्यात बार, प्रेसचं शीट, बॉट-आउट (तयार विकत घेतलेले भाग), जॉबवर्कला जाणारा माल आणि तयार माल, सगळे थोडे थोडे हवेत. प्रत्येकाचा प्रत्यक्ष स्टॉक मोजा, स्क्रीनवरचा घ्या आणि फरकाचं कारण शोधा. कारणाला सहापैकी एकच खूण: उशिरा एन्ट्री, बीओएम चूक, एककाची चूक, रिजेक्शन नोंदलं नाही, माल जॉबवर्करकडे आहे, खरोखर गहाळ. आठ-आठ तासांचे दोन दिवस लागतील. त्यानंतर "लोक तयार नाहीत" हे वाक्य मीटिंगमध्ये फारसं ऐकू येणार नाही.

उदाहरण घ्या. २५ मिमी व्यासाचा ईएन-८ स्टीलचा गोल बार. वजन मीटरला ०.००६१७ × २५ × २५, म्हणजे ३.८६ किलो. नगाची ड्रॉइंगवरची लांबी ६२ मिमी. एक्सेलवाल्याने बीओएममध्ये ६२ मिमीचं वजन टाकलं: ०.२३९ किलो. पण पार्टिंग टूल ३ मिमी खातं, तेव्हा नगाला ६५ मिमी लागतात. शिवाय ३ मीटरच्या बारचं शेवटचं ८० मिमीचं टोक चकमध्ये राहतं, ते भंगारात जातं. उरले २९२० मिमी, त्यातून निघतात ४४ नग. म्हणजे एका नगावर खरा खर्च ६८.२ मिमी, ०.२६३ किलो. हजार नगांमागे २४ किलोंची तफावत, थोडक्यात दोन अख्खे बार. सिस्टीम म्हणते रॅकवर आहेत. रॅकवर ते नसतात, कारण ते चिप्स आणि टोकं होऊन भंगाराच्या डब्यात गेलेत.

आता स्टोअरकीपरच्या खुर्चीत बसा. महिनाअखेरीला दोन बार कुठे गेले, हे विचारणार कुणाला? त्यांनाच. रजिस्टर हा त्यांचा जामीन आहे. तो काढून घेणार असाल, तर आधी आकडा बरोबर करून द्या.

मायनस स्टॉकचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. गाडी सकाळी उतरली, माल ताबडतोब मशीनवर गेला आणि जीआरएन (माल आल्याची नोंद) झाली संध्याकाळी. मधल्या वेळात उत्पादन भरलं की वजाबाकी शून्याखाली जाते. यावर ट्रेनिंगचा काही उपयोग नाही. इनवर्डच्या दाराशी कॉम्प्युटर, प्रिंटर आणि त्या वेळेला माणूस हवा. कॉम्प्युटर पन्नास पावलं लांब केबिनमध्ये असेल, तर एन्ट्री संध्याकाळीच होणार.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: बॅकफ्लश. उत्पादन भरलं की कच्चा माल आपोआप वजा होतो, पण तो फक्त ओके नगांवर होत असेल तर रिजेक्ट झालेल्या ३० नगांचा आणि सेटिंगला गेलेल्या तीन-चार नगांचा बार सिस्टीमच्या लेखी अजून स्टोअरमध्येच पडलेला असतो. सॉफ्टवेअरच्या व्हेंडरला विचारा, तुमच्याकडे कुठलं सेटिंग आहे.

---

तिसरी_शिफ्ट

बारस्टॉक यांच्याशी सहमत. "थांबवावं का" यावर माझं मत: मागे जाऊ नका, पण आवळा.

एकदा मागे गेलात की पुढच्या वेळी कुणी तयारीच करत नाही. सगळ्यांना कळलेलं असतं, दोन महिने कळ काढली की साहेब आपोआप गप्प बसतात. पण सगळं एकदम चालू ठेवणंही झेपणारं नाही. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचं काम ४८ महिन्यांचं होतं, ते ३० महिन्यांत बसवलं आणि जुलै १९९९ मध्ये सगळं एकदम चालू केलं. हॅलोविनच्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच येतात. माल गोदामात होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचवता आल्या नाहीत. सॉफ्टवेअर वाईट नव्हतं, वेळ आणि आवाका चुकला.

तुमच्यासाठी कापाकापी अशी:

चालू ठेवा: खरेदी ऑर्डर, जीआरएन, इश्यू (स्टोअरमधून माल देणं), जॉबवर्क चलन, डिस्पॅच आणि बिल. माल कुंपणाच्या आत येतो-जातो तेवढं सगळं.

तात्पुरतं बंद करा: मशीनवार वेळेची नोंद, प्रत्येक ऑपरेशननंतरची एन्ट्री, सिस्टीमवरचं शेड्युलिंग. सात ऑपरेशनच्या नगाला सात एन्ट्र्या मागितल्या, तर सहा खोट्याच येणार. त्याऐवजी मोजणीची दोनच ठिकाणं ठेवा: बाहेर जॉबवर्कला जाण्याआधी आणि शेवटच्या तपासणीनंतर. या दोन्ही जागी कुणीतरी नग मोजतच असतो, त्यामुळे काम वाढत नाही.

पुढचा टप्पा तारखेवर ठरवू नका, आकड्यावर ठरवा. रोज १० आयटम मोजा. आठवड्याला साठ होतात. त्यांतले ९५ टक्के मर्यादेत बसले आणि असे सलग चार आठवडे गेले, की मगच पुढचं मॉड्यूल. मर्यादा अशी धरा: महागड्या ए वर्गाला १ टक्का, बी ला २, सी ला ५. वॉशर मोजायला सुपरवायझर घालवू नका.

सध्या तुमच्या आढाव्यात "किती जणांनी लॉगिन केलं" असा तक्ता असेलच. तो फाडून टाका. लॉगिन अप्रेंटिस मुलगाही करतो.

---

मनुष्यबळ_वाली

दोघांचं तांत्रिक बोलणं पटलं. पण माणसांचा भाग उरतोच, आणि तो "मानसिकता" या एका शब्दात गुंडाळू नका. एक कागद घ्या, प्रत्येक भूमिकेपुढे लिहा: या बदलात याचं काय जातं. नफ्याचा रकाना सगळेच भरतात, तोट्याचा कुणी भरत नाही.

स्टोअरकीपर: "माल कुठे आहे" हे फक्त मला ठाऊक, हा मान जातो.

सुपरवायझर: मशीनमागे लपवलेला २०० नगांचा साठा जातो. हा साठा काही चोरीचा नसतो. पहिल्या शिफ्टला जास्त निघाले की बाजूला ठेवायचे आणि मशीन बंद पडलेल्या दिवशी दाखवायचे. त्यावर त्याचं टार्गेट उभं असतं. सिस्टीममध्ये तासाचं उत्पादन तासाला भरलं की ही उशीच गेली. म्हणून तो शिफ्ट सुटताना भरतो आणि भरताना आकडे सारखे करून भरतो.

खरेदीवाला: तोंडी ऑर्डर देण्याची मुभा जाते.

कामगार: इन्सेंटिव्हचा हिशेब बदलेल की काय, ही धास्ती. चहाला गेलेली मिनिटं दिसतील, ती दुसरी.

मालक: फोनवर गाडी सोडण्याचा अधिकार जातो. सुरुवात इथूनच करा. मालक नियम मोडतात हे गेटवरच्या वॉचमनला सगळ्यांच्या आधी कळतं आणि संध्याकाळपर्यंत कँटीनभर होतं. अपवाद पूर्ण बंद करता येत नसेल, तर त्याला किंमत लावा. अपवादाचं एकच पुस्तक, त्यात कारण आणि मालकांची स्वतःची सही, दुसऱ्या कुणाची चालणार नाही, आणि दर शनिवारी ते पुस्तक सर्व विभागप्रमुखांसमोर मोठ्याने वाचायचं. वाचणारेही मालकच.

सुपरवायझरच्या बाबतीत दोन गोष्टी करा. पहिली, लपवलेला साठा एकदाच उघड करायची मुदत द्या: अमुक गुरुवारपर्यंत मशीनमागचं जे काही असेल ते मोजणीत घ्या, कुठून आलं हे कुणी विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका. दुसरी, टार्गेट रोजचं न ठेवता आठवड्याचं करा. रोजचं टार्गेट आणि खरा आकडा दोन्ही मागितलेत, तर दोन्हींपैकी एकच मिळेल.

इन्सेंटिव्हबद्दल: पहिले आठ आठवडे, मागच्या तीन महिन्यांची सरासरी किंवा चालू हिशेब, यांत जे जास्त असेल ते मिळेल, असं लेखी द्या. १३० माणसांना सरासरीची हमी देऊन जेवढा खर्च होईल, त्याहून जास्त तुम्ही व्हेंडरला जादा मॅन-डेजचे देत असाल.

प्रत्येक विभागात एक जाणता माणूस निवडायचा असतो, दहा-पंधरा जणांमागे एक. चूक अशी होते की हुशार म्हणून निवडतात आणि त्याचं रोजचं काम तसंच अंगावर ठेवतात. त्याचं निम्मं काम लेखी दुसऱ्याकडे द्या. आणि तो तरुण, कॉम्प्युटर येणारा हवा असं नाही. ज्याचं शेजारचे ऐकतात तो हवा.

जाता जाता, हे फार जुनं शहाणपण आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवूड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. तिथे कामाची पद्धत बदलताना कोच आणि फ्रेंच या दोन अभ्यासकांनी गट करून पाहिले, १९४८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्या गटाला नुसतं सांगून बदल केला, त्यातले १७ टक्के लोक पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडून गेले आणि उत्पादन वर आलंच नाही. ज्या गटांतल्या सगळ्यांना नवी पद्धत आणि नवे दर ठरवण्यात घेतलं, त्यांचं उत्पादन लवकर सावरलं आणि पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेलं. आता बघा, तुमची बीओएम आणि तुमचे इश्यू स्लिपचे नमुने ठरवताना स्टोअरमधलं कोण होतं? ट्रेनिंगला बसवणं म्हणजे सहभाग नव्हे.

आणि रोज शिफ्टच्या आधी दहा मिनिटं सुपरवायझरने आपल्या लोकांशी बोलावं. सल्लागाराने नाही, एचआरनेही नाही. काल काय अडलं, आज काय दुरुस्त झालं, एवढंच.

---

जमाखर्च

"गाडी सोडा, बिल मागाहून करू" यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. हा बदल-बिदलचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे.

विक्रीचा माल बाहेर पडण्याआधी किंवा पडताना बिल व्हायला हवं (केंद्रीय जीएसटी कायदा, म्हणजे सीजीएसटी, कलम ३१). डिलिव्हरी चलनावर माल पाठवता येतो, पण जॉबवर्कसारख्या ठरावीक कारणांसाठी, विकलेल्या मालासाठी नाही. उलाढाल ५ कोटींवर असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून बीटूबी (व्यावसायिक ग्राहकाच्या) बिलाला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं. हाताने लिहिलेलं बिल ग्राहकाच्या अकाउंट्समध्ये कराच्या क्रेडिटसाठी अडकणार. वाटेत गाडी धरली, तर दंड वेगळाच.

म्हणून अपवादाचं पुस्तक जरूर ठेवा, पण अपवाद "सिस्टीममध्ये स्टॉक नसताना बिल बनवण्याचा" असू दे, "बिलाशिवाय माल सोडण्याचा" नको. बहुतेक ईआरपीत डिस्पॅचपुरती मायनस स्टॉकची परवानगी एका लॉगिनला देता येते. ती मालकांच्या लॉगिनला द्या. बिल निघेल, मायनस उठून दिसेल, दुसऱ्या दिवशी कारण शोधता येईल. गेटवर मात्र नियम पक्का: छापील बिल किंवा चलन नाही, तर फाटक उघडायचं नाही.

जॉबवर्कचा स्टॉक कच्चा असेल तर तेही महागात पडतं. प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटला दिलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. यंत्रं वगैरे भांडवली मालाला तीन वर्षं, पण जिग, फिक्श्चर, डाय, मोल्ड, टूलला ही मुदत नाही. आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरताना हाच स्टॉक लागतो. ईआरपीत जॉबवर्करवार शिल्लक बरोबर असेल तर तो फॉर्म तासाभरात होतो, नाहीतर दोन माणसं आठवडाभर चलनं चाळत बसतात. अकाउंट्सला बदलात ओढायचं असेल, तर त्यांना हे दाखवा. ते आपणहून स्टोअरच्या मागे लागतील.

---

कामगार_बाजू

मनुष्यबळवाल्या ताईंचं बाकी सगळं मान्य, एक दुरुस्ती. शिफ्टच्या *आधी* दहा मिनिटं नको, शिफ्टच्या *आत* घ्या. आधी बोलावलंत तर कामाचे तास वाढले, असा अर्थ निघतो, आणि मग बदलाची नोटीस लागते.

हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक एचआरवाले एकतर घाबरून काहीच करत नाहीत, नाहीतर बिनधास्त सगळंच करतात. सेवाशर्तीत बदल करायचा असेल तर २१ दिवस आधी नोटीस. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ आणि चौथी अनुसूची, नव्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० आणि तिसरी अनुसूची. नुसतं रजिस्टरऐवजी कॉम्प्युटरवर लिहायला लावलं, तर सहसा ते यात येत नाही. पण पगार किंवा तो देण्याची पद्धत, कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ, रूढ सवलत काढून घेणं, आणि कामगारकपात होईल अशी तंत्रातली सुधारणा, हे येतं. म्हणजे टॅबच्या नोंदीवरून इन्सेंटिव्हचा हिशेब बदललात, किंवा चहाची दहा मिनिटं वीस वर्षं चालत आलीत आणि टॅबमुळे ती कापायला लागलात, तर सरळ यात सापडाल. करार चालू असेल तर त्याची कलमं आधी वाचा.

टॅबबद्दल लोक विनाकारण बोलत नाहीत. ज्या यंत्रात मशीन सुरू-बंदची वेळ नोंदली जाते, त्यातून उद्या मेमो निघू शकतो, हे त्यांना दिसतं. "तसं काही करणार नाही" असं तोंडी सांगून भागत नाही. मराठीत एक पानी पत्रक लावा, त्यात एवढंच: टॅबमध्ये कुठल्या कुठल्या गोष्टी नोंदल्या जातात (यादी), त्या कोण पाहू शकतं (पदनामासह), किती दिवस राहतात, आणि सहा महिने या नोंदीवरून कुणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. खाली प्लँट हेडची सही. इंग्रजी मसुद्यावर कामगारांच्या सह्या घेण्याचा उद्योग चुकूनही करू नका. सही करून घेतलेला, पण न समजलेला कागद पुढे तुमच्याच अंगावर येतो.

कंत्राटी ६० जणांना विसरू नका. मालाची हलवाहलव बहुधा तेच करतात. ट्रॉलीवरचं रूट कार्ड (कुठली ऑपरेशन झाली ते सांगणारं, मालाबरोबर फिरणारं कार्ड) त्यांच्या हातून पडतं, अदलाबदल होतं आणि नाव मात्र ऑपरेटरचं जातं. त्यांना ट्रेनिंगला बसवलं होतं का?

---

भोसरीकर_प्लँट

सगळ्यांचे मनापासून आभार. कंत्राटी लोकांना बसवलं नव्हतं, हे खरं.

बारस्टॉक साहेब, आज सकाळी स्टोअरकीपरांसोबत बसून पाच बार आयटम तपासले. चारमध्ये बीओएम ड्रॉइंगच्या लांबीवरच आहे. ते म्हणाले, "हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

आता दोन शंका. रजिस्टर नेमकं कधी आणि कसं बंद करायचं? आणि पूर्ण मोजणी गुरुवारच्या एका दिवसात होईल का? सल्लागार म्हणतात, अजून दोन महिने दोन्ही समांतर चालवा.

---

बारस्टॉक

दोन महिने समांतर म्हणजे दोन महिने दुप्पट काम. तशात माणूस ज्यावर भरवसा आहे ते आधी लिहितो आणि उरलेल्या वेळात दुसरं. म्हणजे आज चाललंय तेच. समांतर चालवायचंच असेल, तर मोजणीनंतर फक्त दोन आठवडे, तेही फक्त ए वर्गाच्या आयटमना.

मोजणीचा क्रम असा ठेवा.

तीन आठवडे आधी बीओएम आणि एककं दुरुस्त करा. हे न करता मोजलंत, तर महिन्यात पुन्हा तोच गोंधळ. बीओएमच्या प्रत्येक बदलावर दोन सह्या: मेथड्सचा (उत्पादनाची पद्धत ठरवणारा) इंजिनिअर आणि तुमचे स्टोअरकीपर. त्यांच्या सहीशिवाय बीओएम बदलणार नाही, हे लेखी करा. मान जातो म्हणत होतात ना, तो इथे परत मिळतो, आणि खोटा मिळत नाही.

दहा दिवस आधी भंगार, नादुरुस्त आणि वापरात नसलेला माल वेगळा काढा. रॅकवर जागेचे क्रमांक रंगवा, कागदी लेबलं तेलाने महिन्यात गळतात.

बुधवारी दुसरी शिफ्ट सुटली की हालचाल बंद. फळ्यावर चार आकडे लिहा: शेवटची जीआरएन, शेवटची इश्यू स्लिप, शेवटचं जॉबवर्क चलन, शेवटचं बिल. फळ्याचा फोटो काढून ठेवा. यापुढचा कुठलाही कागद मोजणी संपेपर्यंत सिस्टीममध्ये जाणार नाही. रात्री एखादी गाडी आलीच, तर माल गेटजवळ वेगळा ठेवायचा, त्यावर लाल कार्ड, मोजायचा नाही.

गुरुवारी दोघा-दोघांच्या जोड्या. एक स्टोअरचा, एक बाहेरच्या विभागाचा. हातातल्या यादीवर आयटम आणि जागा असेल, सिस्टीमचा आकडा नसेल. आकडा समोर दिसला की माणूस तोच लिहितो. दुसरी जोडी तेच पुन्हा मोजेल. दोन्ही जुळले की हिरवं कार्ड, नाही तर तिसरी मोजणी. शॉपमधला अर्धवट माल कुठल्या ऑपरेशननंतरचा आहे ते कार्डावर लिहायलाच हवं. २०० नग "टर्निंग झालेले" आणि २०० नग "ड्रिलिंग झालेले" हे दोन वेगळे आयटम आहेत असं समजा. जॉबवर्करांकडून त्याच तारखेची शिल्लक त्यांच्या सही-शिक्क्यानिशी मागवून ठेवा, आधीच.

वजनाने मोजताना नमुना मोठा घ्या. ४ ग्रॅमचा वॉशर, काटा १० ग्रॅमच्या टप्प्याचा. १० वॉशर ठेवलेत, तर ४० ग्रॅमला ५ ग्रॅमची चूक, म्हणजे साडेबारा टक्के. २०० ठेवलेत तर ८०० ला ५. गोणीभर वॉशर मोजताना हा फरक हजारोंत जातो. तेल लागलेले आणि कोरडे नग एकत्र तोलू नका.

तुमच्या आकाराच्या प्लँटला एक गुरुवार पुरतो, पण बुधवारची दुसरी शिफ्ट निम्मी धरा. मार्चअखेर, गणपती आणि दसरा-दिवाळीच्या डिस्पॅचच्या गर्दीतले गुरुवार टाळा.

आता रजिस्टर. काढून घेऊ नका, बंद करा. यात फरक आहे. मोजणीआधी दोन दिवस स्टोअरकीपरांसोबत बसून सिस्टीममध्ये नसलेलं सगळं उतरवून घ्या: कुठला बार कुठल्या बारला चालतो, कुठला सप्लायर ३ मीटर सांगून २.९५ पाठवतो, कुठल्या नटाचा डबा दोन जागी आहे. हे सगळं समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं, आणि खरं ज्ञान तेच. मग मोजणीच्या आकड्यांनी शेवटचं पान भरा, खाली रेघ, तारीख, त्यांची आणि प्लँट हेडची सही. रजिस्टर अकाउंट्सच्या कपाटात, हवं तेव्हा बघायला मिळेल अशा बोलीवर. नवं कोरं रजिस्टर स्टेशनरीतून देणं त्याच दिवसापासून बंद. बिन कार्ड मात्र तीन महिने राहू द्या. लाइट गेली, नेटवर्क गेलं, तर तेवढा आधार लागतो.

---

तिसरी_शिफ्ट

नेटवर्क गेलं तर काय, हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर त्याच सबबीवर नवं रजिस्टर उगवतं. क्रमांक छापलेल्या इश्यू स्लिपचं ५० पानांचं एकच पुस्तक, सीलबंद पाकिटात. सिस्टीम ३० मिनिटांहून जास्त बंद राहिली तरच फोडायचं. चालू झाल्यावर त्याच शिफ्टमध्ये एन्ट्री, स्लिपवर सिस्टीमचा क्रमांक लिहायचा. किती पानं वापरली हे शनिवारी त्या अपवादाच्या पुस्तकाबरोबरच वाचायचं.

---

मनुष्यबळ_वाली

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं" हे त्यांनी कुणाला सांगितलं होतं आणि पुढे त्याचं काय झालं, तेही शोधा. अशा तक्रारींसाठी स्टोअरबाहेर एक फळा लावा. चार रकाने: तक्रार, कुणी सांगितली, कोण बघतंय, कधीपर्यंत. "होणार नाही" हेही उत्तर चालतं, पण ते कारणासकट ४८ तासांत फळ्यावर यायला हवं. पहिल्या आठवड्यात फळा भरून वाहील, त्याने घाबरू नका. तिसऱ्या आठवड्यात अचानक रिकामा झाला तर मात्र बघा, लोकांनी सांगणं सोडलंय.

कामगार_बाजू, दुरुस्ती मान्य. शिफ्टच्या आतच.

---

जमाखर्च

बीओएम दुरुस्त करताना एक सांगायचं राहिलं. बारस्टॉक यांनी दिलेला ०.००६१७ हा गुणक गोल बारचा आहे. नट-फिटिंगसाठी हेक्स बार घेत असाल, तर ०.००६८ गुणिले समोरासमोरच्या बाजूंतल्या अंतराचा वर्ग. चौकोनी बारला ०.००७८५. आणि हे तिन्ही स्टीलचे. पितळेला लावले तर वजन ७-८ टक्क्यांनी कमी दिसेल, आणि पितळेचा भाव बघता ती चूक आधी शोधा.